अटेंडन्स, केटी, प्रोजेक्ट आणि अर्जाची पोच: कॉलेजच्या नियमांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लिहिलं होतं की कॉलेजच्या नियमांबद्दल काही अडलं असेल तर कळवा, आणि मग रत्नागिरी, मालवण, देवगड, दापोली, चिपळूण, श्रीवर्धन, सगळीकडून प्रश्न आले. बरेच एकाच धाटणीचे होते ते एकत्र केलेत, आणि नावं सगळ्यांचीच काढलीत कारण यातली बरीच पोरं अजून त्याच कॉलेजात शिकतायत. मी स्वतः परीक्षा विभागात खूप वर्षं काम केलंय, त्यामुळे काउंटरच्या आतली बाजूही माहितीये. आपल्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक आर्ट्स-कॉमर्स-सायन्स कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत म्हणून उत्तरं त्याच हिशोबाने देतेय. तुमचं कॉलेज ऑटोनॉमस असेल, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली वा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाखाली येत असेल तर तुमचं नियमपुस्तक वेगळं, ते आधी उघडून बघा.

प्रश्न: ताईनू, माझी हजेरी ६१ टक्के भरली. सर म्हणतत परीक्षेचो फॉर्म भरूक देऊचो नाय. आमच्या वाडीत सकाळची एकच एसटी, पावसात व्हाळाक पाणी इला की ती पण येयत नाय. जुलैत लावणी होती तेव्हा घराकडे रवलंय. ह्यात माझी काय चूक?
— एस.वाय.बी.कॉम., मालवण तालुका

उत्तर: अरे, चूक कोणाची ते नंतर बघू, आधी आकडा समजून घे, कारण तुझ्यासारखे बरेच जण ७५ टक्के म्हणजे प्रत्येक विषयात ७५ असं धरून बसतात आणि मग घाबरून जातात. मुंबई विद्यापीठाचा जो हजेरीचा ऑर्डिनन्स, म्हणजे विद्यापीठाचा नियम आहे, ६०८६ नंबरचा, त्यात दोन अटी आहेत. सगळी लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स, ट्युटोरियल्स मिळून सरासरी ७५ टक्के, आणि त्याशिवाय एकेका विषयात किमान ५० टक्के. म्हणजे समज सेमिस्टरला सगळ्या विषयांचे मिळून ३०० तास झाले तर २२५ हवेत, तुझे ६१ टक्क्यांनी होतात १८३, म्हणजे ४२ तास कमी पडले. हे ४२ कुठे गेले ते शोधायचंय.

कॉलेजने काढलेली सहल, फील्ड व्हिजिट, स्टडी टूर यांचे दिवस त्याच ऑर्डिनन्समध्ये हजेरीत धरायला सांगितलेत. एनएसएसच्या कॅम्पला गेला होतास का, युथ फेस्टिवलला, कबड्डीच्या टीममधून? ते दिवस कॉलेजच्याच कामाचे, ते तुझ्या खात्यात लागलेत की नाही हे मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर जाऊन बघ. मी स्वतः असे मस्टर बघितलेत की ज्यात मुलगा विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळून मेडल घेऊन आला आणि त्याच तारखेला त्याच्या नावापुढे ‘ए’ मारलेला, कारण जिमखान्याच्या सरांची यादी क्लास टीचरकडे पोचलीच नाही. तेव्हा आधी मस्टर, मग बाकीचं.

आता एसटी. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला पाणी येऊन गाडी आली नाही हे खरंखुरं कारण आहे आणि आपल्याकडच्या प्राचार्यांना ते माहितीही असतं, पण नुसतं तोंडी सांगून भागत नाही. आगारात अर्ज देऊन अमुक तारखांना सकाळची फेरी झाली नव्हती असं लेखी माग, नाहीच मिळालं तर ग्रामपंचायतीचा दाखला घे की साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल पाण्याखाली होता, आणि तुझ्याच गाडीने येणारी दुसरी पोरं असतील तर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करा, त्याला जास्त वजन येतं. खरं कारण आणि सोबत कागद असेल तर कमी पडलेली हजेरी माफ करायचा अधिकार प्राचार्यांना असतो, पण तो अर्जाशिवाय कोणी आपणहून वापरत नाही.

लावणीबद्दल मात्र तुला स्पष्ट सांगते, नियमात शेतीची कामं म्हणून सूट कुठेही नाही. ज्या घरात माणसं कमी तिथे आठवडाभर पोरगं चिखलात उतरल्याशिवाय लावणी होत नाही हे मला माहितीये, आणि माझं तर ठाम मत आहे की कोकणातल्या कॉलेजांनी गणपतीची सुट्टी जशी धरून टाइमटेबल लावतात तसं जुलैतल्या त्या दिवसांचंही बघायला हवं, निदान टेस्ट तरी तेव्हा ठेवू नयेत. पण तोवर तुझ्या हातात एवढंच आहे की जायच्या आधी क्लास टीचरला सांगून जायचं आणि बाकीचे महिने एकही तास चुकवायचा नाही, म्हणजे सरासरी निभावते. तुझे ते दिवस लावणीत गेले हे अर्जातही खरंच लिही, आजारी होतो म्हणून खोटं मेडिकल जोडू नकोस, तसं सर्टिफिकेट उघडं पडलं की हजेरीचं प्रकरण बाजूला राहतं आणि शिस्तभंगाचं नवीन उभं राहतं.

आणि कॉलेजचीही बाजू विचार. कमी हजेरीवाल्यांची यादी दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावायची आणि घरी कळवायचं ही कॉलेजची जबाबदारी आहे. ऑगस्टमध्ये यादी लागली होती आणि तू बघितली नाहीस, तर तुझी बाजू लंगडी पडते. लागलीच नव्हती, तर तेही अर्जात सभ्य भाषेत लिही.

अर्ज दोन प्रतीत ने. ऑफिसात इनवर्ड रजिस्टर असतं, त्यात बाई किंवा भाऊ नंबर टाकतात, तोच नंबर तुझ्या दुसऱ्या प्रतीवर लिहून गोल शिक्का, तारीख, सही करून परत देतात. ती झाली पोच. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर तिथेच उभं राहायचं आणि नम्रपणे पोच मागायची, ती प्रत प्लास्टिकमध्ये घालून ठेवायची, पावसात शिक्क्याची शाई पसरते. परीक्षा विभागात असताना मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटायचं तर या पोरांचं, जी खरं बोलत असायची पण हातात कागदाचा तुकडा नसायचा.

प्रश्न: माझा मुलगा पहिल्या वर्षाला दोन विषयांत राहिला तरी त्याला पुढच्या वर्षात घेतलं. तो म्हणतो आई टेन्शन घेऊ नको, केटी सगळ्यांनाच लागते. खरंच काळजीचं नाही का?
— एक आई, देवगड

उत्तर: ताई, घाबरायचं नाही पण दुर्लक्ष पण करायचं नाही. एटीकेटी, जिला पोरं केटी म्हणतात, म्हणजे विषय राहिलेला असताना पुढची टर्म भरायची परवानगी, एवढंच. ते दोन विषय सुटलेले नाहीत, ते सुटेपर्यंत डिग्री हातात येत नाही, आणि पुढच्या वर्षाचे विषय वर चढतच जातात. किती विषयांपर्यंत पुढे जाता येतं हे कोर्सप्रमाणे आणि बॅचप्रमाणे बदलतं, शेवटच्या वर्षाला जाताना अट आणखी कडक असते, तेव्हा मित्राच्या भावाचं ऐकून चालू नका, त्याच्या बॅचचं परिपत्रक ऑफिसात मागून वाचा. अजून एक, कित्येक कोर्सला इंटर्नल आणि लेखी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, तर तो नक्की कशात राहिलाय ते मार्कशीटवर बघा. इंटर्नलमध्ये राहिला असेल तर बहुतेक वेळा सबमिशन दिलेलं नसतं, बाकी काही नसतं.

देवगडचं म्हणून मुद्दाम लिहिते. एप्रिल-मे म्हणजे तुमच्याकडे आंब्याची घाई, पेट्या भरायच्या, गाड्या लावायच्या, आणि त्याच दिवसांत परीक्षा. केटीचा पेपर आणि रेग्युलरचा पेपर पाठोपाठ आले की मुलगा दोन्हीकडे कमी पडतो. टाइमटेबल लागलं की ते बागेत, जिथे तुम्ही सगळे पेट्या भरता तिथेच चिकटवा, आणि त्या तारखांना त्याला कामातून मोकळं ठेवा, एवढं घरातल्या मोठ्यांनी करायला हवं.

पेपर चांगला गेला होता असं तो खरंच म्हणत असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते आणि मग रीव्हॅल्युएशनला टाकता येतं. परीक्षा दिलेल्या माणसाला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क माहिती अधिकाराच्या कायद्यातही आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०११मध्ये सांगितलंय. विद्यापीठाची स्वतःची फोटोकॉपीची पद्धत आहे ती जास्त सुटसुटीत, फक्त निकालानंतर अर्जाचे दिवस थोडे असतात आणि लास्ट डेट गेली की गेली.

प्रश्न: बाबांचा बोटीवर अपघात झाला, मला पहिलं वर्ष झाल्यावर कॉलेज सोडून काम बघावं लागणार आहे. मैत्रिणी म्हणतात सोडलंस की केलेलं सगळं वाया. नवीन शिक्षण धोरणात काहीतरी सोय आहे म्हणे. खरं आहे का?
— हर्णैजवळून

उत्तर: खरं आहे, आणि तुझं काहीही वाया जाणार नाही, फक्त न सांगता कॉलेजला येणं बंद करू नकोस. आपल्या राज्यात संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५पासून नवीन धोरणाची रचना आली. त्यात प्रत्येक विषय पास झाल्यावर ठरावीक क्रेडिट मिळतात, वर्षाला साधारण ४० ते ४४ असतात. पहिलं वर्ष पूर्ण पास करून बाहेर पडलीस तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री, चार वर्षांनी ऑनर्स. मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडताना जादा ४ क्रेडिट लागतात, कौशल्याच्या कोर्सचे नाहीतर इंटर्नशिपचे, आणि इथेच मुली अडकतात कारण त्यांना कोणी सांगतच नाही. सुट्टीत ते कुठे करता येतील हे आत्ताच विचार. परत यायचं असेल तर बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत यायचं आणि एकूण डिग्री सात वर्षांत पुरी करायची, असं यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात आहे.

हे क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, डिजिलॉकरवरून तिचा आयडी काढतात, बारा आकडी. तुझा काढलाय ना? त्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अगदी अक्षर न अक्षर सारखं आहे का ते तपास, वडलांचं नाव एकीकडे मधे आणि एकीकडे शेवटी असं झालेलं मी कितीदा बघितलंय, मग क्रेडिट दिसतच नाहीत. निघायच्या आधी तुझे पहिल्या वर्षाचे क्रेडिट खात्यावर चढलेले डोळ्यांनी बघ.

आणि खरं सांगू का, सोडायच्या आधी दोन दारं वाजव. एक, कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून घरची परिस्थिती सांग, फी हप्त्याने घेणं, विद्यार्थी सहाय्य निधी असं काही ना काही बऱ्याच कॉलेजांत असतं पण मागणारं कोणी येत नाही. दुसरं, काम करता करता शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचंही दूरशिक्षण आहे. तू एवढ्या अडचणीत असताना नियम विचारतेयस यावरूनच मला वाटतं की तू परत येशील, म्हणून म्हणते, दार उघडं ठेवून नीघ. एक्झिटचा अर्ज लेखी दे.

प्रश्न: बीएमएसच्या प्रोजेक्टसाठी सीनियरची फाईल घेतली होती, थोडं एआयकडून लिहून घेतलं. मॅडमनी शून्य मार्क दिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सगळेच असं करतात. मी तक्रार करू शकतो का?
— रत्नागिरी

उत्तर: सगळ्यांसमोर सांगायला नको होतं, ते एकट्याला बोलावून सांगायचं असतं, आणि त्याबद्दल तू प्राचार्यांकडे जाऊ शकतोस. शून्याबद्दल मात्र मी मॅडमच्या बाजूने आहे. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर देणं याला कॉपी म्हणतात, मग ते माणसाचं असो की मशीनचं. मी अशा फायली हाताळल्यात, वरचं पान नवीन, स्पायरल बाइंडिंग नवीन, आणि आत आभाराच्या पानावर तीन वर्षांपूर्वीचं शैक्षणिक वर्ष आणि दुसऱ्याच गाईडचं नाव तसंच. सर्व्हेच्या प्रश्नावलीत शंभर लोकांची उत्तरं आणि त्यातला एकही माणूस त्या मुलाने कधी बघितलेला नाही. मार्कांचं जाऊ दे, त्या मुलाला आपल्या गावातल्या एका दुकानदाराशी बोलायची संधी होती ती गेली याचं मला जास्त वाईट वाटतं.

यूजीसीचे २०१८चे प्लेजरिझमचे, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण चोरण्याबद्दलचे नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं, ४० ते ६० टक्क्यांना सुधारून पुन्हा द्यायलाच वर्षभर बंदी, त्याच्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. हे टक्के मास्टर्स आणि पीएचडीच्या प्रबंधांसाठी आहेत, तुझ्या पदवीच्या प्रोजेक्टला कॉलेजचा नियम लागेल, पण पुढे शिकायचं असेल तर ही सवय आत्ताच सुटलेली बरी.

आता काय कर, मॅडमना भेट, जे केलं ते कबूल कर आणि पुन्हा करून द्यायची परवानगी माग. विषय घरापाशी शोध. मिरकरवाड्याला संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तिथे भाव कसा ठरतो, बर्फाचा आणि डिझेलचा खर्च कोण उचलतं, पैसे किती दिवसांनी मिळतात, असं दहाच लोकांना विचारून लिहिलंस तरी ते तुझं असेल. एआय वापरायचं की नाही, कशासाठी वापरायचं, हे आधी मॅडमना विचार, भाषा सुधारायला चालेल म्हणाल्या तर वापर आणि वापरलं असं फाईलमध्ये लिही.

प्रश्न: माझी मावशी कॅलिफोर्नियात आहे. ती म्हणते बारावीनंतर तिथल्या कम्युनिटी कॉलेजला ये, स्वस्त पडतं, नंतर मोठ्या युनिव्हर्सिटीत जाता येतं. तिथले नियम आपल्यापेक्षा सोपे असतात का?
— चिपळूण

उत्तर: सोपे नाहीत, वेगळे आहेत. आपल्याकडे तुझ्या मागे लागणारी माणसं असतात, तिथे बहुतेक गोष्टी तुझ्या तुलाच करायच्या. कॅलिफोर्नियात अशी ११६ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजं आहेत, दोन वर्षांची असोसिएट डिग्री साधारण ६० युनिटची, मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. मावशी म्हणते तो रस्ता खरा आहे.

पण अभ्यासाचा हिशोब बघ. एका युनिटला आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास धरलेला असतो, तीन युनिटचा एक विषय म्हणजे आठवड्याचे नऊ तास. तू एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणार, तर सेमिस्टरला किमान १२ युनिट घ्यावेच लागतात, म्हणजे आठवड्याचे ३६ तास. त्या १२मध्ये फक्त एकच ऑनलाइन विषय धरतात. विषय जड गेला म्हणून मनाने ड्रॉप केलास आणि १२च्या खाली आलीस तर प्रश्न मार्कांचा राहत नाही, व्हिसाचा होतो, म्हणून आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसातल्या अधिकाऱ्याला, ज्याला तिथे डीएसओ म्हणतात, विचारूनच ड्रॉप करायचं. नोकरीही पहिल्या वर्षी कॅम्पसवरच, तीही सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. मावशीच्या ओळखीच्या दुकानात बसणं हे चालणार नाही, हे तिलाही सांग.

दर विषयाचे प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात सिलॅबस देतात, त्यात उशिरा दिलेल्या असाइनमेंटचे किती मार्क कापणार, किती गैरहजेरी चालेल, कॉपी सापडली तर काय, सगळं लिहिलेलं असतं आणि ते अक्षरशः तसंच पाळतात. पहिल्या दिवशी आलीच नाहीस तर नाव कमी करून वेटिंगमधल्या मुलाला जागा देऊ शकतात. १२ युनिट झाल्यावर जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी २.०च्या खाली असेल तर प्रोबेशन, म्हणजे सुधारणा करायची ताकीद. भरपूर विषय अर्धवट सोडून ‘डब्ल्यू’ गोळा केले तरी प्रोबेशन. आणि बाबांना सांग, फेर्पा म्हणून १९७४चा कायदा आहे, तुझ्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज तुझे मार्क आईबाबांना दाखवणार नाही, मावशीला तर नाहीच. त्यामुळे अडचण आली की पहिला फोन तुला करायचाय. प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स असतात तेव्हा जाऊन बसायचं, आपल्या मुली लाजतात आणि तिथेच मागे पडतात.

प्रश्न: हॉस्टेलला सीनियर रात्री खोलीत बोलावून ‘ओळख परेड’ घेतात. अजून मारलेलं नाही पण झोपू देत नाहीत. तक्रार केली तर त्रास वाढेल.
— सिंधुदुर्ग

उत्तर: हे रॅगिंगच आहे, मारल्यावरच रॅगिंग होतं असं काही नाही. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढतात, पुढे पाच वर्षं दुसरीकडे कुठे प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करणं प्रमुखावर बंधनकारक आहे. तुला कॉलेजात कोणाजवळ बोलायची भीती वाटत असेल तर यूजीसीची हेल्पलाइन चोवीस तास असते, १८००-१८०-५५२२. आज रात्रीच घरी फोन करून आईला सांग. तारखा, वेळा, कोण कोण होतं हे मोबाईलमध्ये नाही, वहीत लिहून ठेव, मोबाईल कधी कधी काढून घेतात. ही माहिती दिल्याने तू कोणाचं वाईट करत नाहीयेस, हे लक्षात ठेव.

प्रश्न: बी.एस्सी.ला फी भरली, नंतर दुसरीकडे मनासारखा कोर्स मिळाला. कॉलेज म्हणतं फी परत नाही, आणि ओरिजिनल मार्कशीटही ठेवून घेतलीये.
— श्रीवर्धन

उत्तर: ओरिजिनल ठेवून घेता येत नाही, तपासून लगेच परत द्यायची, असं यूजीसीने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. फीचं त्याच सूचनेत कोष्टक आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर सगळी फी, त्यातून प्रोसेसिंगचे फार तर पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या आत कापून. १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असताना केला तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८०, त्यानंतर महिनाभरापर्यंत ५०, पुढे काही नाही. काही वर्षी यूजीसीने याहून उदार सूचना काढल्या होत्या, तर तुझ्या वर्षाची बघ. सगळं अर्जाच्या तारखेवर ठरतं, तू रद्द करायचं मनात कधी ठरवलंस त्यावर नाही. तोंडी सांगून आलास आणि पंधरा दिवस वाट बघितलीस तर तेवढे टक्के गेले, म्हणून आज अर्ज दे आणि पोच घे.

प्रश्न: सगळ्या सूचना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, रात्री अकराला मेसेज आणि उद्या दुपारपर्यंत फॉर्म. आमच्या वाडीत रेंजच नसते.
— राजापूर तालुका

उत्तर: हे चूक आहे, आणि मी ते कॉलेजांना उद्देशूनच लिहितेय. डोंगराआडच्या वाडीतून येणारी मुलं निम्म्या वाटेवर आल्याशिवाय त्यांचा फोन वाजत नाही, हे ज्यांना माहिती आहे त्यांनी एका रात्रीची मुदत देऊ नये. नोटीस बोर्डावर कागद लागला पाहिजे आणि निदान काही दिवस मिळाले पाहिजेत. वर्गातल्या सगळ्यांनी सही करून हे प्राचार्यांना द्या, विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत द्या. आणि तुम्ही रेंजमध्ये असलेल्या दोघा-तिघांनी वाडीतल्या मुलांची यादी वाटून घ्या, लँडलाइन असलेल्या घरी नाहीतर सकाळच्या एसटीत निरोप पोचवा.

प्रश्न: माझ्या बहिणीच्या उजव्या हातात जन्मापासून ताकद नाही, ४५ टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे. ती लिहिते पण पेपर कधीच पुरा होत नाही. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. कॉलेजात कोणी काही बोललं नाही.
— गुहागर

उत्तर: तिला लेखनिक मिळू शकतो आणि जादा वेळही मिळतो. केंद्राच्या २०१८च्या सूचनांप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला पूर्ण तास. लेखनिक नको असेल, स्वतःच लिहायचं असेल, तरी जादा वेळ मागता येतो, ते तिलाच विचारून ठरवा. स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर त्याच २०१८च्या सूचनांप्रमाणे तो तिच्यापेक्षा एक पायरी कमी शिकत असलेला लागतो, ती एस.वाय.ला असेल तर एफ.वाय.चा चालेल, तेव्हा शेजारपाजारचं कोणी आत्ताच बघून ठेवा आणि त्याच्या स्वतःच्या परीक्षेच्या तारखा आडव्या येत नाहीत ना ते विचारा.

सोमवारी ऑफिस उघडलं की जा. अर्ज प्राचार्यांच्या नावे, सोबत अपंगत्वाच्या दाखल्याची आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची झेरॉक्स, हॉलतिकिटाचा नंबर आला असेल तर तो, लेखनिकाचं ओळखपत्र आणि मार्कशीट. तळमजल्यावरचा वर्गही त्याच अर्जात मागा. परवानगीचं पत्र हातात मिळालं की त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक परीक्षेच्या दिवशी सुपरवायझरला द्यायला आणि एक पर्समध्ये, कारण दर पेपरला सुपरवायझर बदलतो आणि नवीन माणसाला काही माहिती नसतं. कॉलेजने अडवलं तर मला लगेच कळवा.